‘टास्क’ संपल्यावरचा वेळ: कॅरोलायनाच्या भातमळ्यांवरची गुलामगिरी सौम्य होती का?

दक्षिण कॅरोलायनात, चार्ल्स्टनजवळ, एक जुना भातमळा पाहून आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं आहे: “तिथल्या गाईडने सांगितलं, की इथल्या गुलामांना रोजचं काम नेमून दिलेलं असे. ते संपलं की उरलेला दिवस त्यांचा. ते स्वतःची भाजी पिकवत, कोंबड्या पाळत, बाजारात विकत. भातशेतीचं ज्ञानही त्यांनीच आफ्रिकेतून आणलं होतं. मग उसाच्या किंवा कापसाच्या मळ्यांपेक्षा इथली गुलामगिरी सौम्य होती असं म्हणायचं का? आणि १७७६ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाल्यावर ती तिथेच का संपली नाही?”

गाईडने सांगितलेलं खोटं नाही. नेमून दिलेल्या कामाची, म्हणजे ‘टास्क’ची पद्धत खरोखरच होती, कोंबड्या आणि भाजीही खरी. पण त्यावरून सौम्यपणाचा निष्कर्ष निघत नाही. गेली सव्वीस-सत्तावीस वर्षं मी या मळ्यांच्या जमाखर्चाच्या वह्या, विक्रीच्या नोंदी आणि मृत्युपत्रं वाचते आहे. त्या वाचनातून एवढं नक्की सांगेन, की त्या काळच्या उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर माणसं इतक्या वेगाने झिजवणारी जागा दुसरी क्वचितच असेल. तो संध्याकाळचा मोकळा वेळ कुठून आला, हे समजून घ्यायचं तर आधी चिखलात उतरावं लागेल.

मी पेणच्या खारपट्ट्यातली. आमच्या खाचराच्या बांधाला उघाडी होती. ओहोटीला दार उघडून पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, भरतीला ते बंद राहील आणि खारं पाणी आत येणार नाही याची काळजी घ्यायची. एका रात्री बांध फुटला, तर पुढची दोन-तीन वर्षं जमीन गेली. कॅरोलायनातल्या नद्यांवरची शेती मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा उघाडी ओळखीची वाटली, पण तिचं काम मात्र उलटं होतं. आम्ही भरतीला दार बंद ठेवायचो, ते उघडत असत. कूपर, अ‍ॅशली, कम्बाही, सॅन्टी या नद्या समुद्राला मिळतात त्याच्या काही मैल आधी एक टप्पा असा येतो, जिथे भरतीचा जोर पोचतो पण मीठ पोचत नाही. खारं पाणी जड, ते तळाशी राहतं आणि नदीच्या गोड्या पाण्याला वर ढकलतं. ते वर चढलेलं गोडं पाणी दार उघडून शेतात घ्यायचं, हवं तितके दिवस ठेवायचं आणि ओहोटीला सोडून द्यायचं. पेरलं की रुजायला पाणी, मग तण आणि किडी बुडवायला पाणी, लोंब्या भरल्या की ताटं आडवी पडू नयेत म्हणून त्यांना आधार द्यायला पुन्हा पाणी. ही दारं बांधाखालून जाणाऱ्या लांबट लाकडी पेटीला दोन्ही तोंडांशी लावलेली असत. तिला ते ‘ट्रंक’ म्हणतात. सुरुवातीला सायप्रसचं पोकळ खोड वापरत, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात.

ट्रंक सांभाळायला एक माणूस नेमलेला असे. दुष्काळाच्या वर्षी नदीचं पाणी आटलं की मीठ वर सरकतं. अशा वेळी त्याने पाणी जिभेवर घेऊन चव न ओळखता दार उघडलं, तर सगळं पीक गेलं. हा माणूस गुलाम असे. मळेवाला उन्हाळ्यात तिथे नसायचाच. वर्षभराची कमाई ज्याच्या जिभेवर अवलंबून, त्याची किंमत मालमत्तेच्या यादीत गाई-बैलांच्या शेजारी लिहिलेली मी असंख्य वेळा पाहिली आहे.

आता हे उभं कसं राहिलं ते थोडक्यात. चार्ल्स्टनची वसाहत १६७० ची. तिथे आलेल्यांत बार्बाडोस बेटावरचे इंग्रज मळेवाले बरेच होते. उसाच्या मळ्यांवर माणसं कशी राबवायची याचा अनुभव आणि त्यासाठीचे कायदे ते बरोबर घेऊन आले. १६९६ चा कॅरोलायनाचा गुलामांविषयीचा कायदा बार्बाडोसच्या कायद्यावर बेतलेला आहे. म्हणजे आधी भाताचे मळे आले आणि त्यांच्या गरजेतून गुलामगिरी आली, असं झालं नाही. गुलामगिरी पहिल्या जहाजांबरोबरच उतरली आणि मग तिला पैसा देणारं पीक सापडलं. ते पीक भात. १७०८ मध्ये वसाहतीने लंडनला पाठवलेल्या लोकसंख्येच्या आकड्यांत ४,०८० गोरे, ४,१०० आफ्रिकी गुलाम आणि १,४०० मूलनिवासी गुलाम आहेत. या शेवटच्या आकड्याकडे फारसं कुणी पाहत नाही. त्या प्रदेशातल्या आदिवासी माणसांनाही पकडून विकलं गेलं, आणि त्यांतल्या कित्येकांना जहाजात घालून कॅरिबियन बेटांवर पाठवलं गेलं. पुढच्या तीसेक वर्षांत आफ्रिकी लोकसंख्या गोऱ्यांच्या दुप्पट झाली. किनारपट्टीच्या काही पॅरिशांत, म्हणजे चर्चवार आखलेल्या विभागांत, तर दहांतली आठ-नऊ माणसं गुलाम होती.

स्वातंत्र्ययुद्धाच्या आधीच्या वर्षांत कॅरोलायनातून दरसाल ६ कोटी पौंड वजनाहून अधिक तांदूळ बाहेर जात होता. बराचसा हॉलंड आणि जर्मन मुलखात, काही पोर्तुगालकडे, काही कॅरिबियन बेटांवर. १७७४ च्या सुमारास वसाहतींत मरण पावलेल्यांच्या मालमत्तेच्या याद्यांचा अभ्यास झालेला आहे. त्यात सर्वांत श्रीमंत दहांपैकी नऊ जण दक्षिण कॅरोलायनाचे निघाले. तुम्ही पाहिलेली बाग, ओकच्या झाडांची कमान, घरातली चांदीची भांडी हे सगळं त्या तांदळाचं.

ज्ञान कुणी आणलं, हा तुमच्या प्रश्नातला उपप्रश्न. यावर इतिहासकारांत बराच वाद झाला. एक बाजू म्हणते, पश्चिम आफ्रिकेत सेनेगांबियापासून सिएरा लिओनपर्यंतच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं भात होत होता, खाजणांत बांध घालून खारं पाणी अडवायची रीत तिथल्या शेतकऱ्यांना ठाऊक होती, ती कसबी माणसंच कॅरोलायनात आली. दुसरी बाजू जहाजांच्या नोंदी दाखवते: पहिल्या काही दशकांत आलेल्यांपैकी भात पिकवणाऱ्या प्रदेशांतले लोक थोडे होते, बरेच अंगोला-काँगोकडचे होते, आणि मोठ्या बांधबंदिस्तीची योजना युरोपी मळेवाल्यांनीही पैसा ओतून विकसित केली. मला वाटतं, हाताने होणाऱ्या कामांत शंकेला फार जागा नाही. टाचेने खळगा करून त्यात बी टाकायचं आणि पायाच्या पंजाने माती सारायची, लाकडी उखळात मुसळाने कांडायचं, सुपासारख्या पण गोल, उथळ टोपलीत पाखडायचं. ती गवताची वळीव टोपली आजही चार्ल्स्टनच्या रस्त्यांवर त्यांच्याच वंशातल्या बायका विणतात, आणि तिची वीण पश्चिम आफ्रिकेतल्या टोपल्यांशी जुळते. भरतीवर चालणाऱ्या शेतीची मोठी रचना मात्र अठराव्या शतकाच्या मध्यानंतर, अनेकांच्या अनुभवातून आणि गुलामांच्या प्रचंड अंगमेहनतीतून उभी राहिली. १७६० च्या सुमाराची एक जाहिरात प्रसिद्ध आहे. तिच्यात ‘राइस कोस्ट’हून, म्हणजे आफ्रिकेच्या भात पिकवणाऱ्या किनाऱ्याहून, आलेली माणसं विकायला काढल्याचं ठळक छापलं होतं. ज्ञानाला बाजारात भाव होता, हे त्यावरून कळतं. पण ज्ञान असणाऱ्याला मान होता, असं त्यावरून म्हणता येत नाही.

आता टास्क. खुरपणीसारख्या कामाला पाव एकर हे दिवसाचं माप ठरून गेलं होतं. शेतंच तशी चौकटीत आखलेली असत, त्यामुळे मोजायला सोपं. धडधाकट माणसाला पूर्ण टास्क, गरोदर बाईला, म्हाताऱ्याला, पोराला अर्धा किंवा पाव. ज्याने लवकर संपवलं तो दुपारी तीन-चारला मोकळा, ज्याला जमलं नाही तो अंधार पडेपर्यंत, आणि तरी उरलं तर फटके. व्हर्जिनियाच्या तंबाखूच्या मळ्यांवर टोळ्या करून सूर्योदय ते सूर्यास्त राबवत. कॅरोलायनात तसं का झालं नाही?

पहिलं कारण डास. त्या दलदलीत मलेरिया आणि पीतज्वर होता. मळेवाले मे महिन्यात मळा सोडून चार्ल्स्टनला किंवा थेट उत्तरेत न्यूपोर्टला जात आणि पहिली थंडी पडल्यावर परतत. मागे देखरेखीला एखादा गोरा ओव्हरसियर आणि गुलामांतूनच नेमलेला मुकादम. इतक्या विखुरलेल्या खाचरांत दिवसभर प्रत्येकावर नजर ठेवणं शक्य नव्हतं. काम मोजून दिलं की नजर ठेवायची गरज उरत नाही, संध्याकाळी माप घेतलं की झालं. दुसरं कारण त्या माणसांचा रेटा. एकदा पाव एकर हे माप बसलं की ते वाढवायला गेलेल्या ओव्हरसियरला कामात खोट, हत्यारं मोडणं, रातोरात रानात पळून जाणं या सगळ्याला तोंड द्यावं लागे. मळेवाल्यांच्या पत्रांत याबद्दलची चिडचिड भरपूर सापडते. ती संध्याकाळ त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या झगडून राखली होती.

आणि त्या संध्याकाळचं काय होई? मालकाकडून मिळणाऱ्या शिध्यावर पोट भरत नसे. मका, रताळी किंवा भाताची कणी, मीठ-मासळी कधीमधी. उरलेल्या वेळात स्वतःच्या तुकड्यावर भेंडी, भुईमूग, चवळी लावायची, मासे पकडायचे, डुक्कर पाळायचं. मालकाचा खर्च तेवढा वाचला. तरीही त्या तुकड्यांतून त्यांनी खरोखर काही उभं केलं, हे मी कमी लेखणार नाही. चार्ल्स्टनच्या बाजारात फळं-भाजी विकणाऱ्यांत गुलाम बायकांचाच भरणा होता, इतका की गोरे रहिवासी त्यांच्याविरुद्ध तक्रारअर्ज करत. १८६१-६५ च्या अमेरिकी यादवी युद्धानंतर शेजारच्या जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या मुक्त झालेल्या लोकांनी सरकारकडे नुकसानभरपाई मागितली, तेव्हा सैन्याने नेलेले घोडे, गाई, डुकरं स्वतःची होती हे त्यांनी साक्षी-पुराव्यांनी सिद्ध केलं. कायद्याने ज्यांना मालमत्ता ठेवायची परवानगी नव्हती, त्यांनी ती ठेवली, मुलांना दिली, शेजाऱ्यांनी ती मानली. गाईडने हे सांगायलाच हवं. मात्र त्याबरोबर पुढचंही सांगायला हवं.

मार्चपासून ऑगस्टपर्यंत पोटरीपर्यंतच्या पाण्यात, कमरेत वाकून. वर पाखरांचे थवे, ती हाकलायला पोरं. कापणी, झोडणी झाली की कांडणी. आपल्याकडे घरापुरतं भात कांडून ज्यांचे खांदे भरून आले असतील, त्यांनी अशी कल्पना करावी: हजारो पौंड तांदूळ, दाणा मोडला तर किंमत पडते म्हणून नेमका जोर, पहाटे शेतावर जायच्या आधी आणि रात्री परत आल्यावर. हिवाळाभर. जोनाथन लुकासची पाण्यावर चालणारी कांडणगिरणी १७८७ मध्ये आली. त्याआधीच्या नव्वदेक वर्षांत निर्यात झालेला बहुतेक सगळा तांदूळ माणसांच्या हातांनी कांडलेला, थोडाबहुत बैलांच्या चरकांवर.

चार्ल्स्टनला अलेक्झांडर गार्डन नावाचे डॉक्टर होते. आपल्याकडे ज्याला अनंत म्हणतात त्या फुलाच्या कुळाला गार्डेनिया हे नाव यांच्यावरूनच मिळालं. गुलामगिरीचे ते विरोधक नव्हते, मळेवाल्यांच्याच वर्तुळात वावरत. पण १७५५ मध्ये लंडनला लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्पष्ट लिहिलं, की पेरणीपासून कांडणीपर्यंतची सगळी कामं गुलामांकडून करून घेतली जातात, आणि मालकांची हाव भागवताना किती श्रम झाले याची साक्ष गेलेल्या जिवांच्या संख्येने दिली आहे. हे वाचल्यापासून अंगणातल्या अनंताकडे पाहताना मला ते पत्र आठवतं.

अठराव्या शतकाच्या दुसऱ्या पावात इथल्या गुलामांत जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होते. म्हणजे लोकसंख्या टिकवायला जहाजंच लागत. आफ्रिकी माणसांना मलेरिया बाधत नाही, ही समजूत तेव्हाही होती आणि अजूनही ऐकू येते. काही प्रमाणात रक्तातली प्रतिकारशक्ती होती हे खरं, पण लहान मुलांना तिचा भरवसा नव्हता. थंडीतल्या चिखलातून होणारा न्यूमोनिया, साचलेल्या पाण्यातून होणारी हगवण यांना तर कुणीच अपवाद नव्हतं. सॅव्हाना नदीवरच्या गौरी नावाच्या मळ्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकातल्या आहेत. तिथे जन्मलेल्या दर दहा मुलांतली नऊ सोळाव्या वर्षापर्यंत पोचली नाहीत. या नोंदींवरची मोजदाद मी पहिल्यांदा वाचली त्या दिवशी पुढे काही वाचू शकले नाही.

सौम्यपणाबद्दल कायदा काय म्हणतो तेही पाहा. ९ सप्टेंबर १७३९, रविवार. चार्ल्स्टनच्या नैर्ऋत्येला स्टोनो नदीजवळ वीसेक गुलामांनी एका दुकानातली शस्त्रं घेतली आणि ढोल वाजवत, झेंडा धरून दक्षिणेला निघाले. स्पॅनिश फ्लोरिडात सेंट ऑगस्टीनजवळ पळून आलेल्यांना मोकळं ठेवत असत, तिकडे. वाटेत आणखी माणसं मिळाली. वीसहून अधिक गोरे मारले गेले, आणि मग सैनिकांनी त्यांना गाठून मारलं. पुढच्याच वर्षी, १७४० मध्ये, नवा कायदा झाला. गुलामाला लिहायला शिकवलं तर शिकवणाऱ्याला १०० पौंड दंड. ढोल आणि शिंगं बाळगायला बंदी. दिवसाच्या कामाची मर्यादा उन्हाळ्यात १५ तास, हिवाळ्यात १४. ही मर्यादा ‘दया’ म्हणून घातलेली आहे, हे लक्षात घ्या. आणि गुलामाचा जाणूनबुजून खून केला तर ७०० पौंड दंड, रागाच्या भरात मारलं गेलं तर निम्मा. १७४० चा हा कायदा किरकोळ बदलांनी यादवी युद्धापर्यंत त्या राज्याच्या गुलामीचा पाया राहिला. स्वातंत्र्ययुद्धाने त्याला हात लावला नाही.

इथे मला एका मुलीबद्दल सांगायचं आहे, कारण तिच्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही मिळतं. १७५६ च्या वसंतात ‘हेअर’ नावाचं जहाज सिएरा लिओनहून निघालं. जहाज ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टच्या व्यापाऱ्यांचं, म्हणजे उत्तरेतलं. चार्ल्स्टनला त्यातली माणसं विकायचं काम हेन्री लॉरेन्सच्या पेढीने केलं. कूपर नदीवरच्या कमिंगटी मळ्याच्या इलायस बॉलने ३० जूनच्या सुमारास सहा मुलं घेतली आणि वहीत लिहून ठेवलं: चार मुलगे, दोन मुली, वयं आपल्या अंदाजाने. सँचो ९, पीटर ७, ब्रूटस ७, हॅरी ६, बेलिंडा १०, प्रिसिला १०. सगळी मिळून ६०० पौंड. नावं त्यानेच ठेवलेली. त्यांची खरी नावं कुठेही नाहीत. आईबापांशिवाय, इतकी लहान पोरं, एका ओळीत. प्रिसिला जगली, तिला मुलं झाली, ती १८११ मध्ये त्याच मळ्यांवर वारली. बॉल घराण्याच्या नोंदी इतक्या सलग आहेत, की तिचा वंश पिढी-दर-पिढी जुळवत आजपर्यंत आणता आला, आणि २००५ मध्ये तिच्या वंशातली एक बाई सिएरा लिओनला जाऊन आली. आफ्रिकेतल्या बंदरापासून आजच्या नातवंडांपर्यंत कागदांचा धागा न तुटता राहिला, असं फारच थोड्या कुटुंबांबाबत घडलं आहे.

आता विक्रेत्याकडे पाहू. सिएरा लिओन नदीतल्या बन्स बेटावर गुलामांचा किल्ला होता. त्याच्या मालकांत लंडनचा रिचर्ड ऑसवल्ड होता आणि त्याचा चार्ल्स्टनमधला एजंट हेन्री लॉरेन्स. पुढे लॉरेन्स क्रांतीत उतरला, १७७७ मध्ये वसाहतींच्या काँग्रेसचा अध्यक्ष झाला. ऑगस्ट १७७६ मध्ये, जाहीरनाम्यानंतर महिन्याभराने, त्याने आपल्या मुलाला लिहिलं की मला गुलामगिरीचा तिटकारा आहे. हे पत्र खरं आहे आणि ते लिहिताना तो प्रामाणिक होता असं मी मानते. त्याचा मुलगा जॉन लॉरेन्स तर त्याहून पुढे गेला: ३,००० गुलामांना शस्त्रं द्यावीत, लढाईच्या शेवटी त्यांना मुक्त करावं, अशी योजना त्याने मांडली. १७७९ मध्ये काँग्रेसने तशी शिफारस केली. दक्षिण कॅरोलायनाच्या विधिमंडळाने ती संतापाने फेटाळली. जॉन १७८२ च्या ऑगस्टमध्ये कम्बाही नदीकाठच्या चकमकीत मारला गेला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पॅरिसला तहाची बोलणी होती. इंग्लंडच्या बाजूने कोण? रिचर्ड ऑसवल्ड. अमेरिकेच्या बाजूने शेवटच्या टप्प्यात पोचला हेन्री लॉरेन्स. जुने धंद्यातले भागीदार टेबलाच्या दोन बाजूंना. आणि लॉरेन्सने तहात एक वाक्य घालून घेतलं: माघार घेताना इंग्रजांनी अमेरिकी रहिवाशांचे ‘निग्रो किंवा इतर मालमत्ता’ नेऊ नये. ऑसवल्डने मान्य केलं.

या एका वाक्याने ज्यांची झोप उडाली त्यांतला एक बॉस्टन किंग. चार्ल्स्टनपासून २८ मैलांवरच्या मळ्यावर जन्मलेला, बाप आफ्रिकेतून पकडून आणलेला. सुतारकाम शिकायला ठेवलं तिथे त्याला बेदम मार पडला. १७८० मध्ये इंग्रजांनी चार्ल्स्टन घेतल्यावर तो पळून त्यांच्याकडे गेला, देवीच्या साथीतून वाचला, न्यूयॉर्कला पोचला. तह झाल्यावर मालक रस्त्यांवर येऊन माणसं ओढून न्यायला लागले, तेव्हाचे दिवस त्याने स्वतः लिहून ठेवले आहेत. भीतीने अन्नही गोड लागत नव्हतं. इंग्रज सेनापती कार्लटनने आधी आलेल्यांना परत द्यायला नकार दिला, म्हणून तो सुटला. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाची थंडी आणि उपासमार सोसून १७९२ मध्ये तो सुमारे १,२०० जणांबरोबर फ्रीटाउनला गेला, म्हणजे ज्या नदीतून प्रिसिलासारखी मुलं नेली गेली तिच्याच मुखाशी. बन्स बेटावरचा किल्ला तेव्हाही चालू होता.

सगळेच असे सुटले नाहीत. डिसेंबर १७८२ मध्ये इंग्रजांनी चार्ल्स्टन सोडलं, तेव्हा पाच हजारांहून अधिक कृष्णवर्णीय जहाजांत होते, पण त्यांतले बहुतेक राजनिष्ठ मालकांचे गुलाम म्हणूनच जमैकाला किंवा फ्लोरिडाला गेले. आणि टॉमस जेरेमायाला तर स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या आधीच संपवलं होतं. तो स्वतंत्र, सधन, बंदरातला निष्णात खलाशी होता. इंग्रजांच्या मदतीने गुलामांचा उठाव करवणार या आरोपावरून ऑगस्ट १७७५ मध्ये स्वातंत्र्यवाद्यांनी त्याला फाशी देऊन जाळलं. पुरावा अत्यंत तुटपुंजा होता.

मग १७७६ नंतर का संपली नाही? कारण दक्षिण कॅरोलायनात क्रांती करणारे आणि भातमळ्यांचे मालक हे एकच लोक होते, आणि नवी राज्यघटना लिहायला तेच गेले. १७८७ ला फिलाडेल्फियात चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनीने सांगितलं, की आमच्या राज्याचं आणि जॉर्जियाचं गुलामांशिवाय भागणार नाही. त्याच्या आईचं, एलायझा लुकास पिंकनीचं, नाव तुम्ही तिकडे नक्की ऐकलं असेल: १७४० च्या दशकात कॅरोलायनात नीळ यशस्वी करणारी. (ब्रिटनच्या अनुदानावर चालणारी ती नीळ स्वातंत्र्यानंतर कोसळली, आणि ब्रिटिशांनी निळीसाठी बंगालकडे मोर्चा वळवला. तिकडच्या रयतेवर त्याचं काय ओढवलं ते आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे.) त्या परिषदेत पळालेला गुलाम दुसऱ्या राज्यातूनही परत द्यावा लागेल हे कलम दक्षिण कॅरोलायनाच्याच पियर्स बटलर या मळेवाल्याने मांडलं. आफ्रिकेतून माणसं आणण्यावर १८०८ पर्यंत बंदी घालता येणार नाही, आणि पाच गुलामांमागे तीन माणसं धरून प्रतिनिधी मोजायचे, हेही झालं. १७९० च्या शिरगणतीत दक्षिण कॅरोलायनाची लोकसंख्या २,४९,०७३, त्यांत १,०७,०९४ गुलाम. ज्यांना मत नाही, त्यांच्या डोक्यांवर मालकांची मतं वाढली.

१७८७ मध्ये कर्जबाजारीपणामुळे राज्याने बाहेरून गुलाम आणणं स्थगित केलं होतं. डिसेंबर १८०३ मध्ये ते पुन्हा उघडलं, कारण आता कापूस आला होता आणि लुईझियानाचा मुलूख खरेदी झाला होता. १८०८ ची मुदत संपेपर्यंतच्या चार वर्षांत ४०,००० च्या आसपास माणसं चार्ल्स्टनला उतरवली गेली. बरीचशी गॅडस्डेन धक्क्यावर. तिथे जून २०२३ मध्ये आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाचं संग्रहालय उघडलं आहे, राहिलं असेल तर जरूर पाहा. वसाहतीच्या काळात राजाच्या नावाने जे चालत होतं, ते प्रजासत्ताकाने स्वतःच्या घटनेच्या आधाराने, अधिक वेगाने केलं.

बटलरचं घराणं पुढे काय करतं? त्याच्या नातवाने कर्ज फेडायला मार्च १८५९ मध्ये सॅव्हानाला दोन दिवसांत ४३६ माणसं लिलावात विकली. भात आणि कापूस पिकवणारी, टास्क पद्धतीतली, कोंबड्या पाळणारी माणसं. टास्क संपल्यावरच्या वेळात उभं केलेलं सगळं, तुकडा, खोपटं, शेजार, दोन दिवसांत गेलं. पाऊस थांबत नव्हता म्हणून ते लोक त्याला रडण्याचे दिवस म्हणत राहिले.

तरीही काही गोष्टी उरल्या. मालक निम्मं वर्ष नसत आणि आजूबाजूला बहुसंख्य आफ्रिकी, त्यामुळे समुद्रबेटांवर गला ही भाषा जगली, अजून बोलली जाते. १९३० च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ लोरेन्झो डाव टर्नर यांनी जॉर्जियातल्या हॅरिस नेक गावच्या अमेलिया डॉली यांच्याकडून पाच ओळींचं एक गाणं ध्वनिमुद्रित केलं. अर्थ त्यांना ठाऊक नव्हता, आजीकडून आलं एवढंच माहीत. ती मेंडे भाषा निघाली, आणि पुढे सिएरा लिओनमधल्या एका खेड्यात तेच गाणं म्हणणारी बाई सापडली. तिथे ते मयताच्या विधीचं गाणं होतं.

तुम्ही पुन्हा जाणार असाल तर बाग फुललेली असते त्या दिवसांत जाऊ नका. जानेवारीत जा, ओहोटीच्या वेळी, आणि घराकडे पाठ करून नदीकडे तोंड करा. गवतातून सरळ रेषेत जाणारे उंचवटे दिसतील, ते बांध. कूपरच्या पूर्व फाट्याच्या साडेबारा मैलांत असे ५५ मैलांहून जास्त बांध होते, सगळे फावड्याने आणि टोपलीने घातलेले. जानेवारी-फेब्रुवारी हा चर उपसायचा काळ, थंड चिखलात गुडघाभर उभं राहून. त्या दिवशी गाईडला विचारा, की या मळ्यावर ट्रंक कोण सांभाळत होता. बऱ्याच वह्यांत नाव लिहिलेलं असतं.